तासाभराचा संसार

नवराबायको एकाच गाडीवर टॅक्सी चालवतात म्हटलं की लोकांना वाटतं, वा, काय जोडा आहे! दोघं शेजारीशेजारी बसून गावभर मिरवत असतील. तसलं काही नसतं. नवराबायकोची गाडी म्हणजे एक जण चालवतो तेव्हा दुसरा झोपतो. बाओशान रात्रभर चालवून पहाटे घराखाली गाडी आणायचा, किल्ली गायलानच्या हातात द्यायचा आणि तिनं नुकत्याच सोडलेल्या अंथरुणात जाऊन पडायचा. संध्याकाळी उलटा फेरा. अंथरूण एकच, गाडीची सीट एकच, आणि दोन्ही कधी थंड पडत नसत. आमच्या ताययुआन शहरात अशी जोडपी पुष्कळ आहेत. टॅक्सी कंपनीला त्यांचं भारी कौतुक, कारण नवराबायको ओरखड्यावरून भांडत ऑफिसात येत नाहीत; घरीच काय ते मिटवतात, अशी कंपनीची समजूत. घरी भांडायला दोघांना एका वेळी घरी असावं लागतं, हे कंपनीला कोण सांगणार?

पण गायलानची तक्रार नव्हती, कारण तिच्याकडे संध्याकाळचा तास होता.

शहराच्या दक्षिणेला उड्डाणपुलाखाली चार्जिंग स्टेशन होतं. गायलान दिवसभराची पळापळ संपवून, बॅटरी अगदी तळाला गेलेली गाडी तिथे आणून लावायची. बाओशान झोपून उठून, स्वयंपाक करून, डबा जुन्या कापसाच्या कोटात गुंडाळून स्कूटरवरून यायचा. गाडीला चार्जिंगची गन लावली की तास-सव्वा तास दोघांना काही काम नसे. आणि मुख्य म्हणजे हीटर लावता यायचा. रस्त्यावर हीटर लावला की बॅटरी बघता बघता उतरते, म्हणून आमचे टॅक्सीवाले थंडीत गुडघ्यांवर गोधडी घेऊन गाडी हाकतात, आणि गिऱ्हाईक कुरकुरलं तर हीटर बिघडलाय म्हणून ठोकून देतात. इथे मात्र वीज खांबातून येत होती. गायलान हीटर मोठा करायची, बूट काढायची आणि मागच्या सीटवर मांडी घालून बसायची. काचा वाफेने धुरकट झाल्या की बाहेरचं काही दिसत नसे. तिला ते फार आवडायचं.

बाओशान सीटवर पुठ्ठा ठेवून त्यावर डबा मांडायचा. कधी सुरीने तासून काढलेल्या जाड शेवया, कधी बटाटा घातलेला मटणाचा रस्सा, आणि व्हिनेगरची बाटली तर हवीच; आमच्याकडे माणूस एक वेळ मिठावाचून जेवेल, व्हिनेगरवाचून नाही. जेवता जेवता गायलान दिवसाची गिऱ्हाइकं सांगायची. नवऱ्याचा पाठलाग करायला लावणारी बाई, पिंजऱ्यातल्या पोपटासाठी वेगळं भाडं पडेल का विचारणारे आजोबा, मागच्या सीटवर रडत बसलेली नवी नवरी. बाओशान "हं" करायचा, "मग?" म्हणायचा, मध्येच सोललेलं अंडं तिच्या हातावर ठेवायचा. दक्षिणेत नोकरीला असलेली त्यांची मुलगी निंगनिंग याच वेळी फोन करायची, कारण आईबाप दोघं एका पडद्यावर सापडायची ही एकच वेळ होती.

स्टेशनच्या कोपऱ्यावर पाव आणि सूप विकणारी कांगमावशी येता-जाता काचेवर टकटक करायची.

"काय गं गायलान, खोली मिळाली वाटतं आज? दार लावून घेतलंत ते!"

"मिळाली हो मावशी. पण तासाच्या बोलीवर आहे. तुम्ही मध्ये यायचं नाही!"

"या वयात लाज वाटत नाही मेलीला," असं म्हणत मावशी खिदळत निघून जायची, आणि बाओशानचे कान लाल व्हायचे.

इतका सगळा थाट असताना या बाईनं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. तोही सवयीनं.

आमच्या टॅक्सीवाल्यांची एक रीत आहे. कसं चाललंय, असं कुणीही विचारलं तरी "मेलो, बुडालो" असंच सांगायचं. बरं चाललंय असं चुकून तोंडातून गेलं आणि कंपनीच्या कानावर पडलं, की गाडीचं भाडं वाढलंच म्हणून समजा. त्यामुळे पोट भरलेलं असलं तरी टॅक्सीवाला ओठ वाळवूनच बोलतो. त्या वसंतात चार्जिंग कंपनीचा एक तरुण कॅमेरा घेऊन स्टेशनवर आला आणि विचारू लागला, इथे थांबावं लागतं त्याबद्दल तुमचं मत काय? ड्रायव्हर लोकांनी गायलानला पुढे ढकललं. तिची जीभ तिखट, आणि बाईमाणूस म्हटल्यावर कॅमेऱ्यालाही बरं.

"मत काय विचारता?" गायलान कमरेवर हात ठेवून म्हणाली. "रोज तासभर गाईसारखी या खुंट्याला बांधलेली असते मी! दुसरी माणसं या वेळात घरी जाऊन टीव्ही बघतात, आणि आम्ही इथे खांबाचं तोंड बघतो. आयुष्य वाया चाललंय, आयुष्य! बघा काही करता आलं तर."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा हौ, बायको वारल्यापासून एकटाच चालवणारा, तो तर म्हणाला, "वा गं वाघिणी! तुला पुढारी करायला पाहिजे." गायलान फुशारली. नंतर गाडीत बसून तिनं बाओशानला सगळं नक्कल करून दाखवलं. दोघं हसली. हसत हसत त्या दिवशी तासाचा सव्वा तास झाला.

शरद ऋतूत जुने खांब उपटले गेले. त्यांच्या जागी नवे, पांढरे, माणसाच्या दुप्पट उंचीचे खांब आले. टॅक्सी कंपनीनं त्यांना चालणाऱ्या नव्या गाड्याही दिल्या. उद्घाटनाला लाल कापड होतं, आणि शहरात फटाक्यांना बंदी म्हणून लाउडस्पीकरवर फटाक्यांचा आवाज लावला होता. प्रवेशाशीच मोठा फलक, आणि फलकावर कोण? गायलान! कमरेवर हात, तोंड उघडं, आणि खाली मोठ्या अक्षरांत: "आता आयुष्य वाया जात नाही."

"अगं, तू तर नटीसारखी दिसतेस," बाओशान म्हणाला. त्याची छाती फुगली होती. त्यानं फलकासमोर तिचा फोटो काढून निंगनिंगला पाठवला.

पहिल्या दिवशी नेहमीसारखा हीटर लावला, बूट काढले, पुठ्ठा मांडला. गायलाननं एका गिऱ्हाइकाची गोष्ट सुरू केली. गोष्टीतली बाई अजून गाडीत बसायची होती तोच खांबातून एक गोड आवाज आला: चार्जिंग पूर्ण झाले आहे, कृपया जागा मोकळी करा. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. तिच्या मागच्या गाडीनंही वाजवला.

"झालं?" बाओशान शेवया तोंडात धरूनच ओरडला. "झालं सुद्धा! गायलान, बघ, बघ, शंभर टक्के! अगं, घास गिळायच्या आत भरली गं!" जत्रेतलं पोर पाळण्यातून उतरून हसतं तसा तो हसत होता. डबा तिच्या मांडीवर टाकून त्यानं पुढच्या सीटवर उडी मारली. गायलान एका पायात बूट घालून खाली उतरली, आणि गाडी गेल्यावर उरलेला डबा तिनं थंडीत कांगमावशीच्या बाकावर बसून संपवला.

महिनाभरानं कंपनीनं भाडं वाढवलं. हिशेब सरळ होता. तुमचा वेळ वाचला, म्हणजे तुम्ही जास्त फेऱ्या मारणार, म्हणजे तुम्ही जास्त कमावणार, मग आम्ही काय पाप केलं? म्हणजे वाचलेला तास गेला कंपनीच्या घशात, आणि तो भरून काढायला दोघांना आणखी पळावं लागलं. ड्रायव्हरांनी चार दिवस शिव्या घातल्या. काही जण गायलानकडे बघून घालत होते. फलकावर तीच होती ना.

"तूच म्हणालीस ना बाई, बघा काही करता आलं तर," म्हातारा हौ म्हणाला. "त्यांनी बघितलं."



मग एकेक गोष्ट सुटत गेली. रस्सा सांडतो म्हणून बाओशान मोमो आणू लागला, एका हातात धरून खाता येतील असे. मग म्हणाला, "तू वाटेत काहीतरी खाऊन घेत जा, मी घरी खाऊन येतो; उगाच दोघांची धांदल." मग तो अगदी वेळेवर येऊ लागला, म्हणजे गन काढायच्या वेळेवर. "सीटखाली कुणाची तरी छत्री राहिलीय," "डावा आरसा बघ," एवढंच बोलणं उरलं. निंगनिंग आता आईला वेगळा आणि बापाला वेगळा फोन करायची. एकदा ती म्हणाली, "आई, बाबा म्हणाले तू बरी आहेस." गायलानला ते फार लागलं. आपण बऱ्या आहोत हे नवऱ्यानं मुलीला सांगायचं, मुलीनं आपल्याला सांगायचं, आणि नवरा रोज दोनदा आपल्याशीच किल्लीची देवघेव करतोय!

तो तास तिला परत हवा होता. दागिना नको, सुट्टी नको. फक्त तो तास हवा होता. पण हे बाओशानला सांगायचं कसं? वेळ वाचवायला सगळं शहर धडपडत असताना, मला वेळ घालवायचाय, असं कोण म्हणेल? आणि म्हणायला तरी वेळ कुठे होता?

चांद्र वर्षाच्या अकराव्या महिन्याच्या अखेरीला एक गिऱ्हाईक सोडायला ती भाजी मंडईच्या मागे गेली, तेव्हा तिला भिंतीशी दोन जुने, मंद चार्जर दिसले. वर पत्रा, एकाच्या वायरला चिकटपट्टी गुंडाळलेली, शेजारी कोबीच्या पाल्याचा ढीग. कुणी तिकडे फिरकत नव्हतं. गायलाननं गाडी थांबवून गन लावून बघितली. पडद्यावर आलं: एक तास वीस मिनिटं. तिला रडूच यायचं बाकी होतं.

त्या संध्याकाळी ती आयुष्यात पहिल्यांदा बाओशानशी ठरवून खोटं बोलली.

"कंपनीचा मेकॅनिक भेटला होता. म्हणाला, दिवसातून एकदा तरी सावकाश चार्ज करा. नेहमी जलद केलं की बॅटरी आतून खलास होते."

"असं म्हणाला?" बाओशानचा चेहरा पडला. नव्या गाडीवर त्याचा फार जीव. पहाटे घरी जायच्या आधी तो फडक्यानं चाकं पुसायचा.

"ताकीदच दिली. मंडईमागे जुने खांब आहेत. संध्याकाळी तिथे लावत जाऊ."

"मग लावू या की. बॅटरीपेक्षा फेरी जास्त आहे का?"

तर बॅटरीच्या तब्येतीसाठी का होईना, नवरा दुसऱ्या दिवशी लवकर आला. डबा घेऊन आला! हीटर लागला, काचा धुरकटल्या. गायलाननं बूट काढले आणि दोन महिन्यांची साचलेली गिऱ्हाइकं एकामागून एक सांगायला सुरुवात केली. ती बोलत सुटली, स्वतःच हसली, नकला केल्या. बाओशान "हं" म्हणाला, "मग?" म्हणाला. निंगनिंगचा फोन आला तेव्हा दोघं एका पडद्यावर होती, आणि पोरगी म्हणाली, "अय्या, आज दोघं!" गायलानला वाटलं, झालं, मिळालं परत. सात-आठ दिवस असे गेले. बाओशान अधूनमधून अस्वस्थ दिसायचा, मान वाकडी करून पुढे बघायचा, पण तिनं मनाशी म्हटलं, गाडीची काळजी वाटत असेल.

मग सर्व्हिसिंगचा दिवस आला. बाओशान गाडी घेऊन कंपनीच्या वर्कशॉपात गेला, आणि चांगला माणूस म्हणून मेकॅनिकला सिगारेट देऊन त्याचे आभार मानू लागला. मेकॅनिकनं डोकं खाजवलं.

बाराव्या महिन्यातली आठवी तिथ होती. त्या दिवशी आमच्याकडे घरोघर धान्यांची आणि खजुराची खीर शिजते आणि लसूण व्हिनेगरमध्ये घालून ठेवतात. बाओशाननं खीर करून आणली होती. पुठ्ठ्यावर वाटी ठेवली, चमचा पुसून तिच्या हातात दिला. तो रागावलेला नव्हता. ती दोन घास खाईपर्यंत थांबला, मग म्हणाला, "मी मेकॅनिकला विचारलं."

गायलानचा चमचा थांबला.

"म्हणाला, मी असं काही बोललोच नाही. सावकाश चार्ज महिन्यातून एकदा केलं तरी पुष्कळ झालं."

"हं."

"तर तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच सांगितलं." तिनं वाटी खाली ठेवली. "मला इथे बसायचं होतं."

"इथे?" बाओशाननं काच पुसून बाहेर कोबीच्या ढिगाकडे बघितलं. "इथे काय आहे?"

"तू आहेस, गाढवा!" गायलानचा आवाज फाटला. "तू आहेस आणि मी आहे. दुसरीकडे कुठे असतो आपण? घरी तुझी उशी भेटते मला. उशीला वास येतो तेवढा नवरा माझ्या वाट्याला आलाय. पूर्वी तास होता. तो मीच तोंडानं घालवला, कबूल. म्हणून खोटं बोलले. मार हवं तर."

बाओशान गोंधळून गेला. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, घोड्याला थोपटतात तसा. "अगं, रडतेस काय? मी काही बोललो का? मला पहिल्यांदा सांगायचं ना."

त्या हातानं तिला धीर आला. आठ दिवस मनात घोळत असलेली गोष्ट तिनं एका दमात बाहेर काढली.

"ऐक. हौला रात्रीच्या पाळीला माणूस हवाय. म्हातारा झाला, त्याला रात्री दिसत नाही. मी त्याच्या गाडीवर रात्री चालवते. तूही रात्री चालव. पहाटे दोघं घरी येऊ. आपली गाडी दिवसा दुसऱ्या कुणाला देऊ, कंपनी माणूस देईल. मग दिवसभर दोघं घरी. एकत्र झोपू, एकत्र जेवू. थोडं कमी पडेल, पडू दे. निंगनिंग आता आपल्यावर अवलंबून आहे का?"

बाओशाननं डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं. तिला वाटलं, दिवसा परका माणूस आपल्या गाडीला हात लावणार, म्हणून विचारात पडलाय. त्याचं उत्तर तिनं तयार ठेवलं होतं: माणूस आपणच निवडू, चाकं पुसणारा निवडू.

"दिवसभर?" तो शेवटी म्हणाला.

"दिवसभर."

"दोघंच, घरात?"

"मग काय गाव बोलवायचंय?"

"नाही, पण…" तो मनापासून विचारत होता, त्यात टोमणा नव्हता, आणि तेच वाईट होतं. "दोघांनी दिवसभर करायचं काय?"

गायलान हसायला गेली. "बोलायचं. इथे बोलतो तसं."

"इथे तू बोलतेस," बाओशान म्हणाला. "मी टक्के बघतो."

"काय बघतोस?"

"टक्के. पुढच्या पडद्यावर. तुझ्या खांद्यावरून दिसतात." तो ओशाळून हसला. "पूर्वीपासूनची सवय. साठ झाले की जरा बरं वाटतं. ऐंशी झाले की वाटतं, आता सुटलो. तुला राग आला? अगं, मी ऐकतही असतो मध्ये मध्ये. पण मला त्या गिऱ्हाइकांतलं काय कळतंय? तुला बोलायचं असतं, बोलतेस. मला वाटायचं, तूही वेळच काढतेयस. कॅमेऱ्यापुढे तूच नाही का म्हणालीस?"

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. वाईट माणूस नव्हता. दारू नाही, जुगार नाही, बायकोसाठी खीर शिजवून कोटात गुंडाळून आणणारा माणूस. इतकी वर्षं त्याच्या "हं" वर ती घर बांधत आली होती, आणि त्यानं तिला कधी फसवलंही नव्हतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आपलं हसं झालं असं तिला वाटलं, आणि हसणारं कुणी नव्हतं, म्हणून जास्तच वाटलं.

खीर गार होऊन तिच्यावर साय धरली होती. पडद्यावर एकेचाळीस टक्के दिसत होते. अजून बराच वेळ जायचा होता. तेवढा वेळ आता इथे या माणसाशेजारी बसून काढणं तिला नको झालं. तिनं एक-दोनदा काच पुसली. मग बूट घातले, नाड्या बांधल्या आणि बाहेर उतरून खांबाची गन ओढून काढली.

"अगं, काय करतेस? भरली कुठे अजून?"

"चल," ती म्हणाली, "पुलाखाली जाऊ. तिथे लवकर होतं."

बाओशानला फार आनंद झाला, आणि तो लपवायचं त्याला सुचलंही नाही.